आवड, छंद आणि नाद

एखाद्या गोष्टीची मनापासून गोडी लागणे हा दोष मानावा काय, असा प्रश्न वासनिक मंडळींच्या बैठकीत पुष्कळदा निघतो. प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा कोणी जवळचे माणूस असते. मुलगा रात्रंदिवस एकाच खेळात गुंतलेला असतो, भाऊ बैलांपायी घर विसरलेला असतो. क्वचित प्रसंगी वडील पोथ्यांपायी घर विसरलेले असतात. पहिल्या दोहोंविषयी आपण चटकन दोष देतो. तिसऱ्याविषयी मात्र बोलण्यास कचरतो, कारण पोथी पवित्र आहे. वस्तू पवित्र असली म्हणजे तिच्याविषयीची आसक्तीही आपोआप पवित्र होते काय, हा या पाठाचा विचारणीय मुद्दा आहे.

प्रथम शब्दांकडे पाहावे. आवड, गोडी, हौस, छंद, ध्यास, नाद, वेड, व्यसन हे शब्द आपण एकमेकांऐवजी वापरतो, पण ते समानार्थी नव्हेत. ‘छंद’ याचा एक अर्थ वृत्त असा आहे. वृत्ताला मात्रांचे मोजमाप असते आणि ठरल्या जागी यती असतो, म्हणजे थांबण्याचे स्थान असते. ‘नाद’ म्हणजे ध्वनी. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत पारध्याच्या गायनाला भुलणारे हरीण आहे. हरणाला गाणे आवडते यात हरणाचा अपराध नाही. पण गाणे ऐकताना त्याचे पाय हलत नाहीत. ‘व्यसन’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी फेकणे या अर्थाचा धातू आहे. मनुष्याला त्याच्या स्थानापासून दूर फेकून देते ते व्यसन.

मनुस्मृतीत राजाची अठरा व्यसने सांगितली आहेत. दहा कामापासून उपजणारी, आठ क्रोधापासून. स्मृती हा आपल्या मार्गाचा प्रमाणग्रंथ नव्हे, तरी शब्दाचा इतिहास म्हणून ही यादी पाहण्याजोगी आहे. कामापासून उपजणाऱ्या दहांत मृगया व द्यूत यांच्याच पंक्तीला गायन, नर्तन आणि वादन बसविले आहे. इतकेच नव्हे तर निष्कारण भटकणे हेही व्यसन म्हणून गणले आहे. वाचक येथे क्षणभर थांबेल. आपल्या मार्गात तर अटन हे साधकाचे विहित साधन आहे! भिक्षुकाने गावोगाव फिरावे, एका ठिकाणी मूळ धरू नये, हा आचार सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींनी घालून दिला. मग तेच चालणे एका ठिकाणी व्यसन आणि दुसऱ्या ठिकाणी साधन कसे झाले? पाय तेच, वाट तीच. अटन करणाऱ्यास आपण कशासाठी चालतो याचे स्मरण असते, आणि भटकणाऱ्याचे ते स्मरण सुटलेले असते, एवढाच भेद सांगता येतो.

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात श्रीकृष्णचक्रवर्तींनी या उताराच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. विषयाच्या चिंतनापासून संग, संगापासून काम, कामापासून क्रोध, क्रोधापासून मोह, मोहापासून स्मृतिभ्रंश आणि मग बुद्धीचा नाश. अभ्यासकांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली पायरी चिंतनाची आहे, आणि चिंतन स्वतः काही वाईट नव्हे. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांच्या स्मरणाचा प्रारंभही चिंतनानेच होतो. दुसरी गोष्ट अशी की, बुद्धीच्या आधी स्मृती जाते. नादी लागलेला मनुष्य बुद्धिहीन नसतो. आपल्या विषयात तो चारचौघांहून अधिक चतुर असतो. त्याची चतुराई शाबूत असते, मात्र आपण हे कशासाठी आरंभले होते ते त्याला आठवत नाही.

आपल्या वऱ्हाडातीलच उदाहरण घेऊ. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील शंकरपट प्रसिद्ध आहे. बैलजोड्यांच्या या शर्यतीत निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अशा शर्यती बंद पडल्या, २०२१ च्या अखेरीस त्यांना सशर्त अनुमती मिळाली व २०२३ साली घटनापीठाने राज्यांनी केलेले कायदे मान्य केले. पटाचा शौक ज्याला आहे त्याला बैलाची पारख असते. खुराची ठेवण, वशिंड, डोळ्यातले पाणी पाहून तो जनावर ओळखतो. बैलाला पान्हावल्या हाताने खरारा करणारा शेतकरी आम्ही पाहिला आहे, आणि त्याच्या त्या आवडीला नावे ठेवण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण पुढे असे होते की, पटाच्या जोडीला ढेप, सरकी, दूध, तूप चालू राहते आणि नांगराच्या बैलाला कडबा पुरत नाही. त्यानंतर वावर गहाण पडते. आणखी एक पायरी खाली उतरल्यावर ज्या बैलावर प्रेम होते त्याच्याच पाठीवर आर बसू लागतो, कारण आता प्रेम बैलावर नसून घड्याळाच्या काट्यावर असते. आवडीचा विषय डोळ्यांदेखत मागे पडला, आणि उरली ती ईर्षा. मुक्या जिवाची पीडा तर हिंसाच होय, आणि हिंसा आपल्या मार्गात विकार-विकल्पांसारखीच मोठी दोषरूप आहे.

कापसाच्या बाबतीतही असेच घडले. अकोला आणि अमरावती या कापसाच्या मोठ्या बाजारपेठा. भावाची जाण असणे ही येथे उपजीविकेची गरज. पण न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावांच्या आकड्यांवर मुंबईत पैजा लागू लागल्या, आणि त्या आकड्याचे लोण गावोगाव पोहोचले. १९६० नंतरच्या काही वर्षांत न्यूयॉर्कहून भाव येणे थांबले. जुगार थांबला नाही. चिठ्ठ्या घालून आकडे काढण्यात येऊ लागले, आणि ‘मटका’ हे नाव रूढ झाले. कापूस निघून गेला, आकडा राहिला. नादाचे याहून स्पष्ट चित्र शोधूनही सापडणार नाही.

आधुनिक मानसशास्त्रानेही हा भेद तपासला आहे. कॅनडातील रॉबर्ट व्हॅलरँड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली आवडीचे दोन प्रकार मांडले. एकात मनुष्य आवडत्या कामाला आपल्या जीवनात जागा देतो आणि इतर कर्तव्यांशी ते काम भांडत नाही. दुसऱ्यात त्या कामाला प्रतिष्ठा, मान्यता, स्वतःची किंमत असे काही चिकटलेले असते. म्हणून ते सोडवत नाही, आणि करतानाही स्वस्थता लाभत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीत जुगाराबरोबर संगणकीय खेळांच्या अतिरेकालाही व्याधीचे स्थान दिले आहे. त्याची लक्षणे तीन: आवर घालता न येणे, अन्य सर्व गोष्टींहून त्यालाच अग्रक्रम मिळणे, आणि हानी दिसत असूनही ते चालूच राहणे. बहुधा बारा महिने ही स्थिती टिकली असता निदान करतात. म्हणजे नुसते तास मोजून भागत नाही. दिवसाचे दहा तास वीणा वाजविणारा रोगी नसेल, आणि दोनच तास पत्त्यांवर बसणारा असू शकेल.

येथे प्रसंगाने एक सांगणे आवश्यक वाटते. व्याधीच्या कोटीला गेलेल्या नादावर उपदेश पुरत नाही, आणि घरच्यांनी दिलेले टोमणे तर अपायच करतात. अशा वेळी मनोविकारतज्ज्ञाकडे नेण्यात कमीपणा नाही. शासनाने २०२२ पासून १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर मानसिक आरोग्यासाठी निःशुल्क सल्ल्याची सोय केली आहे, तिचा उपयोग करावा. तापासाठी वैद्याकडे जाणारा मनुष्य नामस्मरण सोडीत नाही, तसेच हेही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे पवित्र विषयाच्या आवडीकडे वळू. यासाठी रिद्धपुराहून योग्य स्थान नाही, आणि म्हाइंभटांहून योग्य पुरुष नाही.

म्हाइंभट हे शास्त्रनिपुण पंडित. सर्वज्ञांच्या भेटीस ते प्रथम आले ते वाद करण्याच्या ईर्षेने. विद्या खरीच होती, परंतु तिला जिंकण्याची हाव चिकटली होती. वर ज्या दुसऱ्या प्रकारच्या आवडीचे लक्षण सांगितले, ते हेच. सर्वज्ञांपुढे तो अभिमान गळाला. विद्या मात्र गळाली नाही, आणि हे फार महत्त्वाचे आहे. पुढे सर्वज्ञांनी उत्तरापंथे गमन केल्यावर आचार्य नागदेव म्हणजे भटोबास आणि अन्य भक्तजन रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानात राहिले. तेथे भटोबास एकांतात सर्वज्ञांच्या लीळांचे स्मरण करीत बसत. त्यांना तसे पाहून म्हाइंभटांनी विचारपूस केली, आणि या लीळा लिहून ठेवल्या तर पुढील साधकांना त्यांचा आधार होईल, असा विचार त्यातून निघाला. रिद्धपुरातील वाजेश्वरी हे स्थान या लेखनाशी जोडले जाते. सुमारे शके १२०० म्हणजे इ. स. १२७८ हा त्या ग्रंथाचा काळ सामान्यतः मानतात. एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांचे ‘लीळाचरित्र’ मराठी गद्याच्या प्रारंभीच उभे राहिले ते असे.

म्हाइंभटांना ध्यास होता यात शंका नाही. ज्या ज्या भक्ताला जी लीळा प्रत्यक्ष ठाऊक, त्याच्याकडून ती मिळविण्यासाठी त्यांनी श्रम केले. पुढे श्रीप्रभूंच्या प्रयाणानंतर त्यांच्याही लीळा त्याच निष्ठेने गोळा केल्या. अशा श्रमात मनुष्य झपाटला जाणे अगदी सोपे होते. पण या ध्यासाची दोन लक्षणे नीट न्याहाळावीत. सांगणाऱ्याने जे सांगितले तेच त्यांनी लिहिले. प्रसंग अधिक सुरस व्हावा, आपले पांडित्य दिसावे, म्हणून त्यात भर घातली नाही. सर्वज्ञांचे बोलणे साधे मराठी, म्हणून लेखनही साधे मराठी. इतका मोठा विद्वान आपल्याच ग्रंथात जवळजवळ दिसेनासा होतो. दुसरे लक्षण असे की, एकाने एक सांगितले आणि दुसऱ्याने निराळे सांगितले, तर कोणते खरे याचा हट्टाने निकाल लावून एक पाठ पुसून टाकण्याची रीत या परंपरेने पत्करली नाही. कोणाच्या सांगण्यावरून कोणता पाठ, याच्या नोंदी पोथ्यांतून आढळतात. नादी लागलेल्या माणसाला दुसऱ्याचा पाठ सोसत नाही. आपल्या संग्रहात उणीव आहे असे म्हटले की तो दुखावतो. ज्याला विषय प्रिय आहे त्याला मात्र उणीव कळल्याचा लाभच होतो.

याच जोडीला केशिराजबासांचा प्रसंग घ्यावा. लीळांतून सर्वज्ञांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ सिद्ध करणारे हे पंडित. संस्कृतावर त्यांचे प्रभुत्व मोठे, व संस्कृतात रचना करण्याची गोडीही तशीच. सर्वज्ञांचे शास्त्र संस्कृतात आणावे असे त्यांना वाटले, तेव्हा भटोबासांनी त्यांना थांबविले. त्यामुळे मार्गातील साध्यासुध्या म्हाताऱ्या बायांना ते शास्त्र अंतरेल, हे त्याचे कारण सांगितले. ‘स्मृतिस्थळा’तील हा प्रसंग मराठीच्या अभिमानाने पुष्कळदा सांगितला जातो, व ते योग्यच आहे. पण आमच्या मते त्यातील अधिक मोलाची गोष्ट केशिराजबासांचे थांबणे ही आहे. ज्या कलेत आपण निपुण, ती बाजूला ठेवावी लागणे कठीण. शिवाय आपण काही वाईट करीत नव्हतो, शास्त्राची सेवाच करीत होतो, असे म्हणण्यास त्यांना पुरती जागा होती. ती जागा त्यांनी घेतली नाही.

भास्करभट्ट बोरीकर, ज्यांना आपण कवीश्वर म्हणतो, त्यांचेही तसेच. ‘शिशुपालवध’ हे काव्य त्यांनी रचिले. काव्य म्हणून ते उत्तम आहे, आणि शृंगारही त्यात भरपूर आहे. त्यांचे गुरुबंधू भानुभट यांनी ते पाहून गुणाची वाखाणणी केली, परंतु निवृत्त साधकाला ते मानवणारे नाही असेही स्पष्ट सांगितले. कवीला आपल्या काव्याविषयी असे ऐकावे लागणे म्हणजे काय, हे ज्याने दोन ओव्या लिहिल्या आहेत त्यालाही समजेल. कवीश्वरांनी वाद घातला नाही, लेखणीही मोडून टाकली नाही. त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली, आणि तीही भागवताच्या त्याच एकादश स्कंधावर, जेथे गाण्याला भुललेल्या हरणाची गोष्ट आहे. भानुभटांच्या बोलण्यावर त्यांनी ‘मग मी आता लिहितच नाही’ असे म्हटले असते, तर तो त्याग ठरला नसता. ते रुसणे ठरले असते. नादाला लागलेल्या माणसाला ‘सर्व नाही तर काहीच नाही’ अशी दोनच टोके दिसतात.

आपल्या आचारातील कित्येक नियमांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांची सोय ध्यानात येते. एका गावी फार दिवस न राहणे, चार घरची भिक्षा एकत्र करून घेणे, विजनात बसणे, हे नियम आवडीवर सूड म्हणून घातलेले नाहीत. गाव चांगले असते, म्हणूनच ते सोडायचे असते. अन्न रुचकर असते, म्हणूनच त्यातला एक स्वाद निवडायचा नसतो. वृत्तातील यतीप्रमाणे हे विसावे आहेत. गृहस्थ वासनिकाला हे सर्व जसेच्या तसे पाळता येत नाही, पण त्याच्या घरात यतीचे काम करणारी माणसे असतात. ‘आता पुरे, जेवायला चला’ असे म्हणणारी पत्नी, ‘बाबा, माझी फी भरायची आहे’ म्हणणारी मुलगी, ‘दादा, यंदा पेरणीला पैसे ठेवा’ म्हणणारा धाकटा भाऊ. पारायणाला बसलेल्या गृहस्थाने अशा बोलण्यावर रागावून, धर्मकार्यात विघ्न आणता म्हणून घरच्यांना अपराधी ठरवावे, हे वरचेवर दिसते. गीतेतील पायऱ्यांत कामानंतर क्रोध आहे, हे अशा प्रसंगी आठवावे. पारायणात कोणी आडवे आल्याबरोबर जो क्रोध उसळतो, तो पोथीतून आलेला नसतो.

पोथीच्या आवडीविषयी आणखी एक बोलणे भाग आहे, आणि ते आपल्याच मार्गाविषयी आहे. यादवांच्या राज्याच्या अखेरच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली असे परंपरा सांगते. जाणत्यांच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा करावा लागला, आणि त्यात हिराइसांचे नाव आदराने घेतले जाते. इतके सोसल्यावर ग्रंथ जपण्याची काळजी वाढावी हे स्वाभाविक होते. चौदाव्या शतकात सकळ लिपी प्रचारात आली; रवळोबासांचे नाव तिच्याशी जोडतात. एका अक्षराऐवजी दुसरे अक्षर योजून लिहिण्याची ही रीत. सुंदरी, वज्र, अंक अशा अन्यही लिप्या झाल्या. शास्त्र अनधिकाऱ्याच्या हाती जाऊ नये, त्याची विटंबना होऊ नये, हा हेतू होता, आणि त्या काळी तो शहाणपणाचाच होता यात वाद नाही.

परंतु काळ पालटला तरी गाठोडी सुटली नाहीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मराठीच्या या आद्य गद्याचा मराठी विद्वानांना जवळजवळ पत्ता नव्हता, आणि अज्ञानामुळे पंथाविषयी नाही नाही ते प्रवाद पसरले. ग्रंथ जपला, पण ग्रंथात सांगितलेल्या स्वामींची ओळख लोकांपासून झाकली गेली. कित्येक ठिकाणी पोथी वाचणारे संपले आणि केवळ पोथी पुजणारे उरले. रुमालात बांधलेली पाने वाळवीने खाल्ली. वर कापूस जाऊन आकडा राहिल्याचे सांगितले, त्याच्याशी याची तुलना कोणाला कठोर वाटेल. पण ज्या सर्वज्ञांनी म्हाताऱ्या बायांनाही कळेल अशा बोलीत शास्त्र सांगितले, त्यांची वचने कोणाला वाचताच येऊ नयेत एवढी जपली जावीत, ही गोष्ट आम्हाला सोपी वाटत नाही.

गाठोडी सोडणाऱ्यांतही मोठे धैर्य होते, कारण काही महंतांनी आपल्या लोकांचा रोष पत्करून लिपीची किल्ली बाहेर दिली. तिच्या आधारे राजवाडे, वि. ल. भावे आदी संशोधकांना वाट मिळाली. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी १९२५ साली ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ प्रसिद्ध केले. नागपूरच्या ह. ना. नेने यांनी १९३० नंतरच्या दशकात लीळाचरित्राचे भाग छापले. अॅन फेल्डहाउस या अमेरिकन विदुषीने श्रीगोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ साली प्रकाशित केले. रिद्धपुरातच आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

डॉ. वि. भि. कोलते हे बुलडाणा जिल्ह्यातील नरवेलचे. १९०८ साली जन्मलेल्या या विद्वानाने हयातीतील कितीतरी वर्षे याच वाङ्मयाला दिली. त्यांनी संपादिलेले संपूर्ण लीळाचरित्र १९७८ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते सत्तरीचे होते. मठामठांतून पोथ्या पाहणे, त्यांची अक्षरे लावणे, एकीतील ओळ दुसरीशी ताडणे, हे काम वेड लागल्यावाचून होत नाही असे म्हणण्याची रीत आहे. पण वेड लागलेल्याला आपल्या हातची पोथीच खरी वाटते. ज्यांना या कामाची कल्पना घ्यावयाची असेल त्यांनी लीळाचरित्राच्या पोथ्यांतील एकच लीळा निवडून तिचे पाठभेद शेजारी मांडून पाहावेत. एका भक्ताने अशी सांगितली, दुसऱ्याने तशी सांगितली, आणि दोन्ही सांगणी सातशे वर्षे एकमेकींना न पुसता शेजारी राहिली आहेत.